जनित्राचे उत्तेजन आणि रोहित्राचे आकारमान : एका हिशेबाचा इतिहास

एखाद्या मोठ्या जनित्राच्या क्षेत्रगुंडाळीस पूर्ण भारावर 300 व्होल्ट दाबाने 2,000 अँपिअर एकदिश प्रवाह लागतो असे समजू. म्हणजे तिची गरज 600 किलोवॉटांची झाली. परंतु त्या जनित्राच्या उत्तेजनासाठी बसविलेल्या रोहित्राची पाटी वाचली, तर तीवर 1,750 केव्हीए किंवा त्याच्या आसपासचा आकडा आढळणे मुळीच नवलाचे नाही. काम 600 चे आणि सामग्री जवळजवळ तिपटीची, ही तफावत नवख्या विद्यार्थ्यास उधळपट्टी वाटते. आणि सूत्रे पाठ असलेल्यास ती तफावतच वाटत नाही, कारण सूत्रात आकडे घातले की तेच उत्तर येते. सूत्र मात्र एक गोष्ट सांगत नाही. त्यात हेच आकडे का घालावयाचे, हा प्रश्न गणिताचा नसून इतिहासाचा आहे, आणि तो इतिहास शंभरांहून अधिक वर्षांचा आहे.

चुंबक फिरवून वीज उत्पन्न करण्याची विद्या फॅरेडेच्या 1831 च्या शोधापासून सुरू झाली. पहिली यंत्रे कायम चुंबकांवर चालत, आणि कायम चुंबकाचे बळ तोकडे असल्याने ती तोकडीच राहिली. 1866 साली हेन्री वाइल्ड याने एक लहान चुंबकी यंत्र घेऊन त्याचा प्रवाह एका मोठ्या यंत्राच्या विद्युत्-चुंबकास पुरविला. त्याचा निबंध खुद्द फॅरेडेने रॉयल सोसायटीपुढे मांडला. मोठ्या यंत्राला चेतविणारे निराळे लहान यंत्र, म्हणजेच पुढे ज्यास उत्तेजक अथवा एक्सायटर हे नाव मिळाले ते यंत्र, येथे प्रथम स्पष्ट रूपात दिसते.

परंतु लगेच पुढच्या वर्षी या निराळ्या यंत्राची आवश्यकताच नाही असे दाखविण्यात आले. 14 फेब्रुवारी 1867 रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे एकाच बैठकीत दोन निबंध वाचले गेले, एक विल्यम सीमेन्सचा व दुसरा चार्ल्स व्हीटस्टनचा. विल्यमचा भाऊ वेर्नर सीमेन्स याचा याच विषयावरील निबंध त्यापूर्वी महिनाभर बर्लिनच्या अकादमीपुढे सादर झालेला होता. आणि व्हार्ली बंधूंनी तर डिसेंबर 1866 मध्येच पेटंटसाठी अर्ज केला होता. हंगेरीत येडलिक व डेन्मार्कमध्ये यॉर्ट यांची नावे याहूनही आधी घ्यावी लागतात. अग्रमान कोणाचा, या वादावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र वादापेक्षा त्या दिवशीच्या दोन निबंधांतील भेद अधिक मोलाचा आहे, आणि त्याकडे तितकेसे लक्ष गेलेले दिसत नाही.

दोन्ही निबंधांतील मूळ कल्पना एकच आहे. लोखंडात उरलेल्या अवशिष्ट चुंबकत्वामुळे यंत्रात थोडीशी वीज उत्पन्न होते. तीच क्षेत्रगुंडाळीतून फिरविली की चुंबकत्व वाढते, त्यामुळे वीज वाढते, आणि असे करीत यंत्र आपल्याच बळावर पूर्ण दाबास येते. परंतु सीमेन्सने क्षेत्रगुंडाळी मुख्य प्रवाहाच्या मार्गातच एकसर जोडली होती, तर व्हीटस्टनने ती मुख्य मार्गाशी समांतर, फाट्यावर जोडली होती. एकसर जोडणीच्या यंत्रात भार वाढला की उत्तेजन वाढते. समांतर जोडणीच्या यंत्रात उत्तेजन यंत्राच्या दाबावर अवलंबून असते. दाब उतरला की तेही उतरते, आणि तोंडाशीच शॉर्ट सर्किट झाले तर यंत्र स्वतःच विझते. 1880 च्या दशकात दोहोंचा मेळ घालून संयुक्त गुंडाळीची यंत्रे प्रचारात आली. एकदिश प्रवाहाच्या यंत्रांपुरता हा प्रश्न तेथे मिटला.

प्रत्यावर्ती प्रवाहाचे युग आले तेव्हा तो मिटला नाही, केवळ दृष्टीआड झाला. प्रत्यावर्ती जनित्र जी वीज देते ती त्याच्या क्षेत्रगुंडाळीस चालत नाही. तिला एकदिश प्रवाह हवा. तेव्हा वाइल्डची जुनी तोड पुन्हा कामास आली, आणि जनित्राच्याच दांड्यावर एकदिश प्रवाहाचा लहान उत्तेजक बसविण्याची रीत पडली. या व्यवस्थेचा एक मोठा गुण असा की उत्तेजकाची शक्ती टरबाइनच्या दांड्यावरून येते, वीजजालातून येत नाही. जालावर कोठेही अपघात होवो, दाब कितीही कोसळो, दांडा फिरत आहे तोवर उत्तेजक आपले काम करीत राहतो. उत्तेजन पुरविणाऱ्या साधनाचे आकारमान ठरविताना जालाच्या अवस्थेचा विचार करण्याचे कारणच त्या काळी नव्हते. क्षेत्रगुंडाळीची गरज, त्यावर थोडी राखीव शक्ती, एवढ्यावर हिशेब संपत असे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिरिल याच्या कंप पावणाऱ्या नियामकाने दाब आपोआप सांभाळावयास आरंभ केला. 1920 च्या दशकात लांब पारेषण वाहिन्यांच्या टोकाशी असलेली जलविद्युत् जनित्रे अपघातानंतर जालाशी ताल सोडतात, हा स्थिरतेचा प्रश्न ऐरणीवर आला; आणि उत्तेजक केवळ पुरेसा असून भागत नाही, तो चपळ असावा लागतो व गरजेहून पुष्कळ अधिक दाब क्षणात देऊ शकणारा असावा लागतो, हे ध्यानात आले. या कमाल दाबास इंग्रजीत 'सीलिंग' म्हणजे छत म्हणू लागले. शब्द नेमका आहे. छत नेहमी डोक्यावर असते, पण त्याला हात लागतो तो क्वचितच.

दांड्यावरच्या उत्तेजकाचा शेवट त्याच्या कम्युटेटरने केला. मिनिटाला 3,000 किंवा 3,600 फेऱ्यांच्या टरबाइन-जनित्रांचा आकार वाढत गेला तसा इतक्या वेगाने फिरणाऱ्या कम्युटेटरवरून हजारो अँपिअर प्रवाह ब्रशांनी उचलणे दुर्घट होऊ लागले. ठिणग्या, झीज आणि कोळशाची भुकटी ही उत्तेजकाच्या खोलीची नित्याची लक्षणे होती. गिअर लावून उत्तेजक सावकाश फिरविणे, तो स्वतंत्र मोटरने चालविणे असे उपाय झाले. पुढे दोन वाटा फुटल्या. एक वाट एकदिशकारक दांड्यासहच फिरविण्याची, म्हणजे ब्रशरहित उत्तेजनाची. ती 1960 च्या दशकाच्या आरंभापासून व्यवहारात आली. दुसरी वाट सगळे फिरणेच थांबविण्याची. नियंत्रित सिलिकॉन एकदिशकारक, म्हणजेच थायरिस्टर, 1957 साली बाजारात येण्याच्या बेताचा झाला, आणि थोड्याच वर्षांत जनित्राच्याच तोंडावरून वीज घ्यावी, रोहित्राने तिचा दाब उतरवावा, थायरिस्टरांच्या सेतूने ती एकदिश करावी व क्षेत्रगुंडाळीस द्यावी, ही स्थिर उत्तेजनाची पद्धत रूढ होऊ लागली. हलणारा एकही भाग न उरलेल्या या सामग्रीस आजही एक्सायटर म्हणतात. वस्तू बदलली तरी नाव चिकटून राहते, आणि नावाबरोबर जुन्या वस्तूविषयीच्या समजुतीही चिकटून राहतात. त्यांतली एक पुढे पाहावयाची आहे.

स्थिर उत्तेजन ही नवी युक्ती म्हणून वर्णिली जाते. वस्तुतः ती व्हीटस्टनच्या समांतर जोडणीचे पुनरागमन होय. जनित्र पुन्हा आपल्याच तोंडच्या दाबावर आपले उत्तेजन पोसू लागले, आणि त्याबरोबर समांतर जोडणीचा जुना दोषही परतला. जवळपास शॉर्ट सर्किट झाले की जनित्राचा दाब कोसळतो. उत्तेजनाची निकड नेमकी त्याच क्षणी सर्वांत मोठी असते, आणि उत्तेजनाचा झरा नेमका त्याच क्षणी आटतो. दांड्याच्या आश्रयाला असताना जो प्रश्न उद्भवतच नव्हता तो आता रोहित्राच्या पाटीवर येऊन बसला. जनित्राचा दाब कितीपर्यंत उतरला तरी छताइतके उत्तेजन मिळाले पाहिजे, असा तो प्रश्न आहे.

आता आरंभीचा हिशेब पुरा करता येईल. तीन कलांच्या सहा थायरिस्टरांच्या सेतूतून मिळणारा एकदिश दाब रोहित्राच्या दुय्यम बाजूच्या दाबाच्या जास्तीत जास्त 1.35 पट असतो. थायरिस्टर चालू करण्याचा क्षण जितका लांबवावा तितका तो कमी होतो. हा विलंब कोनात मोजतात, व तो सुरक्षिततेसाठी सुमारे 10 अंशांच्या खाली नेत नाहीत. क्षेत्रगुंडाळीचा नित्य दाब 300 व्होल्ट आणि छत त्याच्या दुप्पट, म्हणजे 600 व्होल्ट, असे ठरले, तर दुय्यम दाब सुमारे 451 व्होल्ट हवा. प्रवाह मात्र अखंड चालावयाचा, म्हणून 2,000 अँपिअरवर दहा टक्के राखून 2,200 धरू. रोहित्राच्या तारेतील प्रवाह एकदिश प्रवाहाच्या 0.816 पट असतो. यावरून क्षमता सुमारे 1,400 केव्हीए येते. परंतु हे छत जनित्राचा दाब पूर्ण असतानाचे झाले. तो 80 टक्क्यांवर आला असतानाही 600 व्होल्ट मिळालेच पाहिजेत असा आग्रह धरला, तर दुय्यम दाब 564 व्होल्टांवर जातो आणि क्षमता 1,755 केव्हीए होते. 70 टक्क्यांचा आग्रह धरल्यास ती 2,000 केव्हीए ओलांडते. प्रवाह एका थायरिस्टरवरून दुसऱ्यावर सरकताना रोहित्राच्या संरोधामुळे जो थोडा दाब गळतो तो येथे सोडून दिला आहे. तो धरल्यास सर्वच आकडे काहीसे वाढतात.

या गुणाकाराचे स्वरूप चमत्कारिक आहे. दाब ठरतो तो संकटाच्या घटकेसाठी आणि प्रवाह ठरतो तो रोजच्या कामासाठी. छताच्या वेळचा दुप्पट प्रवाह काही सेकंदांचाच असल्याने गुंडाळीच्या उष्णता साठविण्याच्या शक्तीवर तो निभावून नेता येतो. क्षेत्रगुंडाळी तरी याहून अधिक काळ तो कोठे सोसणार? अमेरिकन मानकाच्या जुन्या आवृत्त्यांत तिच्यावर 208 टक्के दाब 10 सेकंद, 146 टक्के 30 सेकंद, 125 टक्के 60 सेकंद आणि 112 टक्के 120 सेकंद अशी परवानगी होती. परंतु संकटासाठी निवडलेला दाब रोहित्रावर संकटापुरताच असतो असे नाही. दुय्यम बाजूस तो रात्रंदिवस असतो, आणि थायरिस्टर आपला क्षण लांबवून त्यातील मोठा भाग वापरीत नाहीत. वरच्या उदाहरणात 564 व्होल्टांवरून 300 व्होल्ट काढण्यासाठी विलंबाचा कोन सुमारे 67 अंश ठेवावा लागतो, आणि शक्तिगुणक 0.38 च्या आसपास उतरतो. कधीमधी येणाऱ्या दहा सेकंदांची किंमत रोहित्र वर्षानुवर्षे प्रत्येक आवर्तनात भरीत असते.

किंमत तेवढ्यावर थांबत नाही. सहा थायरिस्टरांचा सेतू रोहित्राकडून जो प्रवाह ओढतो तो नितळ ज्यावक्री नसून ठोकळ्यांच्या आकाराचा असतो. त्यात पाचवा, सातवा, अकरावा, तेरावा असे हार्मोनिक असतात आणि आदर्श आकारात त्यांचे मान मूळ प्रवाहाच्या अनुक्रमे एक-पंचमांश, एक-सप्तमांश असे उतरत जाते. हे उतरणे दिलासा देणारे वाटते, पण तो दिलासा फसवा आहे. गुंडाळीतील भोवरा-प्रवाहांमुळे होणारा क्षय हार्मोनिकाच्या क्रमांकाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे मान जितक्या पटीने घटले तितक्याच पटीने ते वर्गात भरून निघते, आणि प्रत्येक हार्मोनिक मूळ प्रवाहाइतकाच भोवरा-क्षय करतो! प्रत्यक्षात प्रवाह सरकावयास लागणाऱ्या अवधीमुळे ठोकळ्यांच्या कडा बोथट होतात, म्हणून ही बेरीज आटोक्यात राहते. अशा प्रवाहासाठी रोहित्राची क्षमता कशी आवरावी याविषयीची अमेरिकन शिफारस 1986 साली प्रथम निघाली. त्याआधीची कित्येक उत्तेजन-रोहित्रे केवळ अनुभवाने, हात सैल सोडून बांधलेली आहेत. त्यांचे आकारमान पाहून कोणी हसू नये.

गाभ्याचा प्रश्न निराळा. भार एकाएकी सुटला की जनित्राचा दाब काही काळ बराच वर जातो, विशेषतः जलविद्युत् केंद्रात. वेगही वाढत असल्याने वारंवारता चढते व त्यामुळे गाभ्यावरचा ताण थोडा सुसह्य होतो. तरीही उत्तेजन-रोहित्राचा गाभा सामान्य रोहित्राहून कमी चुंबकीय घनतेवर ठेवावा लागतो, नाहीतर तो संपृक्त होऊन प्राथमिक बाजूस मोठा प्रवाह ओढू लागतो. आणि प्राथमिक बाजू बहुधा जनित्राच्या मुख्य वाहकांना मध्ये सर्किट ब्रेकर न ठेवता जोडलेली असते. तेथील बिघाड म्हणजे जनित्राच्या तोंडचाच बिघाड होय. मोठ्या केंद्रांत तीन सुटी, कोरडी, एककलीय रोहित्रे वापरण्याकडे जो कल दिसतो त्यामागे दोन कलांमध्ये शॉर्ट सर्किट होण्याचा संभवच उरू नये हा विचार आहे.

समांतर जोडणीचा दोष मोठ्या रोहित्राने झाकावा, की 1880 च्या दशकाप्रमाणे तिला एकसर जोडणीची साथ द्यावी? दुसराही मार्ग चोखाळला गेला. जनित्राच्या मुख्य प्रवाहावरून प्रवाह-रोहित्रांनी काही शक्ती घ्यावयाची, म्हणजे शॉर्ट सर्किटच्या वेळी दाब गेला तरी वाढलेला प्रवाहच उत्तेजन पुरवील, अशा संयुक्त पद्धती अमेरिकेत पुष्कळ बसविल्या गेल्या. सीमेन्स आणि व्हीटस्टन पुन्हा एका यंत्रात आले. तांत्रिकदृष्ट्या ही तोड अधिक सुरेख होती असे म्हणावयास हरकत नाही. तरीही ती मागे पडली आणि साधे समांतर उत्तेजन टिकले. त्याचे श्रेय सर्किट ब्रेकरांस व संरक्षक रिलेंस द्यावे लागते. मोठ्या जनित्राच्या क्षेत्रातील चुंबकप्रवाह सेकंदांच्या हिशेबाने ओसरतो, आणि आधुनिक ब्रेकर सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास दोष तोडून टाकतात. एवढ्या अवधीत उत्तेजन नाममात्र झाले तरी बिघडत नाही. कसोटी लागते ती दोष सुटल्यानंतर, दाब 70-80 टक्क्यांवर चाचपडत असतानाच्या पुढच्या एक-दोन सेकंदांत. रोहित्राच्या हिशेबात 80 टक्क्यांचा आकडा येतो तो येथून. दोष लवकर सुटलाच नाही तर मात्र समांतर उत्तेजनाच्या जनित्राचा प्रवाह इतका ओसरतो की साध्या अतिप्रवाह रिलेला तो दिसेनासा होतो. म्हणून अशा जनित्रांवर दाबाकडेही लक्ष ठेवणारा रिले लावावा लागतो.

छत उंच करणे हेही निर्धोक नव्हते. 1969 साली द मेलो व कॉन्कॉर्डिया यांनी आपल्या निबंधात दाखविले की चपळ व प्रबळ उत्तेजन दोषानंतरच्या पहिल्या झोक्यात जनित्रास सावरते खरे, पण काही परिस्थितींत नंतरची आंदोलने शमविण्याऐवजी त्यांना पोषक ठरते. यातूनच आंदोलने ओळखून उत्तेजनाला योग्य वेळी ढील देणारा शक्तिस्थिरक आला, आणि मोठ्या रोहित्राबरोबर तो जोडीने येऊ लागला. छताच्या जवळ काम चालू असताना दुसरे काय बिघडू शकते, याचे उदाहरण 10 ऑगस्ट 1996 रोजी अमेरिकेच्या पश्चिम भागात घडले. वाहिन्या तुटत गेल्याने कोलंबिया नदीवरील मॅकनेरी धरणाच्या जनित्रांवर दाब सांभाळण्याचा भार आला, उत्तेजने चढत गेली, आणि उत्तेजन-सामग्रीतील संरक्षक रिलेंनी चुकीचा निवाडा देऊन 13 जनित्रे एकामागून एक बंद केली. पुढच्या आंदोलनांत पश्चिमेचे जाल चार तुकड्यांत फुटले आणि सुमारे 75 लाख ग्राहकांची वीज गेली. तेथे रोहित्र लहान पडले असे नव्हे. छत कागदावर लिहून दिले असले तरी सामग्रीच्या सर्व अवयवांना ते मान्य असावे लागते, एवढे त्या दिवशी दिसले.

वर ज्या समजुतीचा उल्लेख केला ती जुन्या केंद्रांच्या नूतनीकरणात भेटते. दांड्यावरचा उत्तेजक काढून स्थिर सामग्री बसवावयाची असते, आणि मागणीपत्र लिहिणारा जुन्या उत्तेजकाच्या पाटीवरील किलोवॉट घेऊन तेवढेच केव्हीए रोहित्रासाठी मागतो. दोन्ही वस्तूंना एक्सायटर हेच नाव असल्याने ही अदलाबदल त्याला स्वाभाविक वाटते. पण जुना आकडा दांड्याच्या भरवशावर ठरलेला होता. त्यात दाब कोसळण्याचा विचार नव्हता, विलंबाचा कोन नव्हता, हार्मोनिक नव्हते. असे रोहित्र पूर्ण भार मुकाट्याने वाहील, स्वीकृतीच्या बहुतेक चाचण्यांत उत्तीर्णही होईल. त्याची उणीव कळेल ती जालावर खरा अपघात होईल त्या दिवशी.

समांतर जोडणीचा स्वभाव केंद्र सुरू करतानाच दोनदा प्रत्ययास येतो. 1867 चे यंत्र अवशिष्ट चुंबकत्वावर स्वतःच जागे होत असे; थायरिस्टरांना चालू होण्यापुरताही दाब अवशिष्ट चुंबकत्वातून मिळेलच असा भरवसा नसल्याने आजच्या जनित्रास पहिला धक्का केंद्राच्या बॅटरीवरून द्यावा लागतो. आणि जनित्राची शॉर्ट सर्किट चाचणी घ्यावयाची असते तेव्हा तर त्याच्या तोंडचा दाब मुद्दामच शून्याजवळ ठेवलेला असतो, म्हणजे स्वतःचे उत्तेजन पुरविण्यास ते सर्वस्वी असमर्थ असते. अशा वेळी उत्तेजन-रोहित्राची जनित्राकडील जोडणी सोडतात आणि केंद्राच्या सहायक पुरवठ्यावरून एक तात्पुरती केबल ओढून ते चालवितात. जनित्राचा दाब 15.75 किलोव्होल्ट आणि सहायक पुरवठा 6.6 किलोव्होल्ट असला, तर दुय्यम बाजूस 564 ऐवजी सुमारे 236 व्होल्टच मिळतात. पण चाचणीला छताची गरज नसते, तेवढ्यावर ती पार पडते. चाचणी संपली की केबल गुंडाळून ठेवतात आणि रोहित्र पुन्हा जनित्राच्या तोंडाशी जोडतात.